शेडमधला शरणार्थी

तो प्रसंग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हेही धड सांगता येत नाही. पण ज्या प्रकरणात गुन्हाच नव्हता ते मात्र मला अथपासून इतिपर्यंत आठवतं. कुणाचं नाव लिहिणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून आहेत आणि रस्त्यात भेटली की मला चहा पाजतात.

तेव्हा मी परभणी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी मूळचा नाशिककडचा. इथली बोली कानावर बसायला मला बराच वेळ लागला होता आणि ती आता आपल्याला पूर्ण समजते असा माझा समज होता. त्या समजानेच पुढे घात केला.

माझ्या हद्दीत एका बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं गोदाम होतं. मालकाने ते वस्तीतल्या लोकांना वापरायला दिलं होतं. ज्यांना घर नाही, कुणी नाही, अशी चाळीसेक माणसं तिथे राहायची आणि दोन वेळा जेवायची. संस्थेला कागदावर काहीतरी लांबलचक नाव होतं, पण गावात सगळे नुसतं 'शेड' म्हणत. आसपासच्या घरांतल्या बायका रोज आपल्या भाकरींबरोबर दोन जास्तीच्या थापायच्या. एक रिक्षावाला दुपारी त्या गोळा करून आणायचा. एक निवृत्त कंपाउंडर जखमा धुवायचा. सोमवारी दुकान बंद म्हणून एक सलूनवाला येऊन फुकटात दाढी-कटिंग करून द्यायचा. भुसार लाइनमधला एक शेठ ज्वारीचं पोतं पाठवायचा, पण स्वतः कधी फिरकायचा नाही.

या सगळ्यावर राज्य होतं एका मावशीचं. झरीकडची, मेंढपाळाच्या घरातली बाई. नवरा गेला, मेंढरं विकली आणि ती परभणीत येऊन इथे भाकरी भाजता भाजता शेडची मालकीणच झाली. चाळीस माणसं कशी सांभाळता, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मेंढरं दीडशे होती. ही तर बोलत्यात तरी." तिचा एक कायदा होता आणि तो आमच्या कायद्यापेक्षा कडक होता: आधी आंघोळ, मग ताट. नवा माणूस आला की ड्रमभर कढत पाणी, दाढी-केस साफ, धुतलेले कपडे. अंगावरच्या जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधून पत्र्यावर उन्हात टाकायचं. तीन-चार दिवस ऊन खाल्लं की कपडे उकळायचे, फाडायचे आणि त्यांच्या वाकळी शिवायच्या.

एका बुधवारी सकाळी आमचा बीट अंमलदार गुळगुळीत दाढी करून माझ्या टेबलाशी आला. चेहऱ्यावर चमक दाढीची नव्हती, खबरीची होती. सलूनवाल्याने साबण लावता लावता त्याला सांगितलं होतं की, चुडाव्याला भाडं घेऊन गेलेल्या रिक्षावाल्याने तिथल्या स्टेशनवर तापाने पडलेला एक म्हातारा शेडमध्ये आणलाय. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. हात जोडून एकच शब्द म्हणतो.

"काय?"

"शरणार्थी."

सलूनवाले हे आमचे उत्तम खबरी. कातरी चालू असली की त्यांचं तोंड थांबत नाही आणि गिऱ्हाइकाला मान हलवता येत नाही. पण खबर कितीही गोड असली तरी पडताळून मग वर कळवायची, हा पहिला धडा. मी तो त्या दिवशी गुंडाळून ठेवला. बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांची माहिती ठेवा, असे त्या दिवसांत तोंडी आदेश होते. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि उत्साहाच्या भरात जिल्ह्याच्या गोपनीय शाखेला फोन लावून मोकळा झालो. तासाभरात उत्तर आलं. इसमाची ओळख शुक्रवारपर्यंत पटवा. न पटल्यास बंदोबस्तात बाहेरगावी रवाना करा. आणि पोलिसांना न कळवता त्याला ठेवून घेणाऱ्या शेडला जागा खाली करण्याची नोटीस द्या. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते हे.

दुपारी मी शेडमध्ये गेलो. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाची काडी झालेली, नुकतीच दाढी केल्यामुळे गाल उघडे पडलेले. मला पाहून त्याने धडपडत दोन्ही हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "शरणार्थी."

मी अंमलदाराकडे पाहिलं. "लिहा."

खुर्ची ओढून मी समोर बसलो. "बाबा, गाव कोणतं?"

त्याने छातीवर हात ठेवला, जरा चाचपल्यासारखं केलं आणि डावा तळहात माझ्यासमोर उघडा धरला.

"पैसे मागायलाय साहेब," अंमलदार हळूच म्हणाला.

"भूक लागली आसंल त्याला," असं म्हणत मावशीने चटकन भाकरीचा चतकोर त्या हातावर ठेवला. म्हाताऱ्याने तो कपाळाला लावला आणि हलकेच ताटात ठेवून दिला. हात पुन्हा रिकामा.

"कागदपत्रं काय आहेत तुमच्याकडे? आधार? रेशन कार्ड?"

पुन्हा तोच रिकामा तळहात.

"लिहा," मी म्हणालो, "कागदपत्रे नाहीत."

आता वाटतं, भीक मागणारा माणूस उजवा हात पुढे करतो. डावा हात कुणी करत नाही. इतकी वर्षं स्टँड, स्टेशन, देवळाच्या पायऱ्या पाहिलेल्या पोलिसाला एवढं कळायला हवं होतं. पण मला हवं होतं ते उत्तर सकाळीच मिळालेलं होतं, त्यामुळे डोळे उघडे असून मी पाहत नव्हतो. चौकशीत यापेक्षा मोठं पाप नाही.

मी प्रश्न वाढवले, आवाज वाढवला. म्हातारा अंग चोरून बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी मध्ये येऊन उभी राहिली.

"साहेब, आवाज चढवू नका. मेंढरू बी वरडल्यानं पान्यावर जात न्हाई."

"मावशी, हा कोण आहे ते कळलं नाही तर परवा याला न्यावं लागेल. आणि शेडलाही नोटीस येईल. चाळीस माणसं कुठे नेणार आहात?"

तिने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "नोटीस द्या न्हाईतर फाशी द्या. पर ह्याला नेऊ नका. सोमवारी आंघूळ घातली तवापासून अन्नाचा कन खाल्ला न्हाई यानं. नुसतं पानी. आमी काय त्याला उपाशी ठिवायलाव का? दूध दिलं, केळं दिलं, भात दिला. हात जोडतो आन् बाजूला सारतो."

"आजारी असेल."

"ताप उतरला कवाच. रोज सकाळी उठून थंड पान्यानं आंघूळ करायलाय. मग ह्यो डावा हात आसा धरून त्याच्यात बगत बसतो. रिकाम्या हातात काय दिसतंय त्याला, देव जाने."

मी हे ऐकलं आणि अंमलदाराला सांगितलं, मनोरुग्ण असण्याची शक्यता, असं लिहा.

कंपाउंडरने मला बाजूला घेतलं. "साहेब, परवा याला गाडीत घातलंत तर पोचेल असं वाटत न्हाई मला. आन् इथं ठिवलं तरी खाल्ल्याशिवाय ह्यो रविवार बगत न्हाई."

निघताना मावशी म्हणाली, "तुमीच दोन घास भरवा, जमलं तर." मी ते आव्हान म्हणून घेतलं. भाकर कुस्करली, वरण घातलं, घास त्याच्या तोंडाशी नेला. इन्स्पेक्टरच्या हातचा घास नाकारायला हिंमत लागते. त्या काडीएवढ्या माणसाने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, अगदी मायेने, आणि घास परत माझ्याकडे वळवला. जणू तूच खा म्हणत होता. माझा राग तिथेच उतरला आणि त्याच्या जागी धास्ती बसली. हा म्हातारा माझ्या एका फोनमुळे मरणार, असं मला पहिल्यांदा वाटलं.

ठाण्यात येऊन मी त्याचा शेडमध्ये काढलेला फोटो सगळ्या जिल्ह्यांच्या ग्रुपवर टाकायला लावला. वर्णन: दाढी नाही, केस बारीक, गळ्यात काही नाही. मिसिंग रजिस्टर चाळलं, शेजारच्या जिल्ह्यांना फोन केले. कुठूनही होकार आला नाही.

गुरुवारी सकाळी जागेचा आणि इसमाच्या स्थितीचा पंचनामा करायचं ठरलं. पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच लागतात, आणि पोलीस पंच शोधायला निघाले की बाजारातले प्रतिष्ठित लोक एकदम कामात बुडतात. एक झेरॉक्सवाला मिळाला. दुसऱ्यासाठी मी त्या भुसार शेठच्या दुकानात गेलो. मला पाहताच त्याने चष्मा काढला.

"न्हाई जमायचं साहेब. मागं पंच झालो तर त्या तारखा आजून चालू हायत. आरोपी सुटून दोन पोरांचा बाप झाला, मी आजून कोर्टात बाकड्यावर बसायलोय."

"शेठ, तुमच्याच ज्वारीवर जगणाऱ्या माणसाचं आहे."

"मी ज्वारी पाठवतो ती आसली तकरार ऐकावी लागू नये म्हनून," तो करवादला, पण टोपी घालून निघाला.

शेडच्या दाराशी बरीच मंडळी जमली होती. आपण दिलेल्या खबरीचं काय झालं ते पाहायला सलूनवालाही दुकान टाकून आला होता. म्हातारा वाकळीवर पडून होता. आम्ही आत गेलो तसा तो कोपरावर उठला, हात जोडले आणि जेमतेम ऐकू येईल असं पुटपुटला, "शरणार्थी."

आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या शेठने चपला काढल्या, वाकून हात जोडले आणि सहज, रोजच्यासारखं म्हटलं, "शरणार्थी, अप्पा. शरणु शरणार्थी."

अंमलदाराचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी शेठकडे.

"शेठ, तुम्ही पण?"

"काय मी पन?"

"शरणार्थी?"

शेठ माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "आहो साहेब, नमस्कार हाय त्यो! आमचा लिंगायतांचा. तुमी राम राम म्हनता, आमी शरणार्थी म्हनतो. ह्या बिचाऱ्यानं तुमाला नमस्कार केला, आन् तुमी त्याची चौकशी लावली व्हय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. या शहरात लिंगायतांची एवढी दुकानं, एवढी घरं. त्यांच्या लग्नांत मी जेवलो होतो. पण साहेबाला सगळे 'नमस्कार साहेब' म्हणतात. त्यांचा आपसातला शब्द माझ्या कानावर कधी पडलाच नव्हता, किंवा पडला असेल तर मी ऐकला नव्हता.

शेठचं मात्र माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो म्हाताऱ्याच्या उघड्या गळ्याकडे पाहत होता. खाली बसून त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "अप्पा, लिंग कुठाय तुमचं?"

म्हाताऱ्याने डावा तळहात उघडला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला.

शेठने वर पाहिलं. त्याचा आवाज बदलला होता. "साहेब, आमच्यात इष्टलिंग अंगावर आसतं, गळ्यात. रोज सकाळी ते ह्या हातावर घिऊन पूजा करायची, मग घास. कडक पाळनारा मानूस लिंगाबिगर जेवत न्हाई. मरंल, पर जेवनार न्हाई. चार दिस झाले, हा तुमा सगळ्यांला हात करून करून तेच मागायलाय."

भीक नव्हती, भूक नव्हती, कागदपत्रांचं उत्तरही नव्हतं. आम्ही त्या हातात आपापल्या मनातलं वाचत होतो.

मावशी मटकन खाली बसली. "लाल फडकं हुतं," ती म्हणाली. "काळ्या दोऱ्यात. दोरा दाढीत गुतलेला, मळानं चिक्कट झालेला. मला वाटलं ताईत हाय. म्याच म्हनलं, काढून टाक."

"कातर म्या लावली, मावशी," दाराशी उभा असलेला सलूनवाला म्हणाला. इतका वेळ मजा पाहायला आलेल्या त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आन् खबर बी म्याच दिली."

"गाठोडं कुठे आहे?" मी विचारलं.

मावशी एकदम उठली. सोमवारचं गाठोडं म्हणजे गुरुवारी फाडायला घ्यायचं. आम्ही सगळेच मागच्या अंगणात धावलो. लिंबाखाली चार बायका कात्र्या घेऊन बसल्या होत्या. एकीकडे कापडाचा ढीग, दुसरीकडे चुलीवर उकळतं पिंप. "थांबा!" मी असा ओरडलो की एकीच्या हातातली कातरी पडली. दरोडेखोरावरही मी कधी इतक्या जोरात ओरडलो नसेन.

शेठने सगळ्यांना चपला काढायला लावल्या, मला बूटसुद्धा. अनवाणी पायांनी, युनिफॉर्मवर, मी त्या ढिगात बसलो. झेरॉक्सवाला, अंमलदार, सलूनवाला, बायका, सगळे एकेक कपडा झटकत होतो. पिंपातले कपडे काठीने बाहेर काढले. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील, मला तासभर वाटली. मग मावशीच्या हातात एक मळकं धोतर आलं. त्याच्या सोग्याला गाठ होती. तिनेच सोमवारी मारलेली, सवयीने, काहीच वाया जाऊ नये म्हणून. गाठीत लाल फडकं.

ती ते उघडेना. "आता माझा हात लावू का नको?" तिने शेठला विचारलं.

"लावा," शेठ म्हणाला. "तुमच्या हातानं गेलं, तुमच्याच हातानं द्या."

अंमलदाराने हळूच विचारलं, "साहेब, मुद्देमाल म्हणून लिहू?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वहीच मिटली.

अप्पांना दोघांनी धरून आंघोळ घातली. शेठने खिशातून भस्माची पुडी काढली. अप्पांनी तीन बोटं कपाळावर ओढली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि त्यात पाहत बसले. चार दिवस रिकामा असलेला तो हात भरला. शेडमधली चाळीस माणसं रांगेने उभी राहून पाहत होती. मी पंचनामा करायला आलो होतो आणि रांगेत उभा राहून रडत होतो. पूजा आटोपल्यावर अप्पांनी मावशीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. या वेळी उजवा.

"भाकर दे, माय," ते म्हणाले.

पहिल्या दिवसापासूनचा त्यांचा हा दुसरा शब्द. मावशीने तोंडाला पदर लावला.

जेवण झाल्यावर त्यांनी नाव, गाव सगळं सांगितलं. गाव उदगीरच्या पलीकडे, सीमेवरचं. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघाले, गाडीत ताप चढला, परळी कधी गेली कळलं नाही आणि शुद्ध आली तेव्हा चुडाव्याच्या फलाटावर होते.

"अप्पा, एवढं सगळं सांगता येत होतं, तर मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "अंगावर लिंग न्हाई, साहेब. मी कोन म्हनून सांगू?"

त्यांच्या पुतण्याने तिकडच्या ठाण्यात आठ दिवसांपूर्वी हरवल्याची तक्रार दिली होती. ती ग्रुपवरही आली होती. वर्णन: पांढरी लांब दाढी, मानेपर्यंत केस, गळ्यात लाल फडक्यात इष्टलिंग. आणि त्यानंतर आमचा संदेश: दाढी नाही, केस बारीक, गळ्यात काही नाही. एकाच माणसाचे दोन कागद एकाच ग्रुपवर होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. शेडने त्यांना मायेने धुऊन स्वच्छ केलं होतं आणि मळाबरोबर त्यांची ओळखही काढून टाकली होती. मी मावशीला दोष देत नाही. तिने प्रेमाने केलं ते मी अधिकाराने केलं, एवढाच फरक.

शुक्रवारी मी गोपनीय शाखेला अहवाल पाठवला. त्यांच्या नमुन्यात प्रश्न होता: सदर इसमाने स्वतः शरणार्थी असल्याचे सांगितले आहे काय? मी बराच वेळ विचार करून लिहिलं: "चौकशीअंती निष्पन्न झाले की, सदर इसमाने नमस्कार केला होता." तिकडच्या अधिकाऱ्याचा फोन आला. आधी तो हसला, मग म्हणाला, "बरं. नोटिशीचं राहू द्या."

पुतण्या जीप घेऊन आला आणि अप्पांना घेऊन गेला. महिन्याभराने ते एकटेच एसटीने परत आले. घर आहे, पुतण्या चांगला आहे, पण दिवसभर सगळे शेतात. "तिकडं मी भिंतीसंगं बोलायलो होतो," म्हणाले. मावशीने त्यांना ज्वारी निवडायला बसवलं. मी निवृत्त होऊन इथेच राहिलो, तेव्हापासून सोमवारी मीही जातो आणि त्यांच्याशेजारी बसून खडे काढतो. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त सापडतात.

लोक विचारतात, इतक्या वर्षांत पोलीस खात्याने काय शिकवलं? जबाब कसा घ्यावा, हे खात्याने शिकवलं. पण जबाब घेण्याआधी समोरच्या माणसाने आपल्याला काय म्हटलंय ते ऐकावं, हे मला शेडने शिकवलं. मावशीचा कायदाही तेव्हापासून बदलला. आंघोळीआधी एक प्रश्न आला. गेल्या सोमवारी पाथरीकडून आणलेली एक म्हातारी ड्रमाशी बसली होती. तिच्या पदराला एक घाणेरडी पुरचुंडी होती. सलूनवाला कातरी मागे धरून उभा राहिला, आणि मावशी तिच्यासमोर उकिडवी बसून विचारत होती, "ह्ये काय हाय, आई? तुजं हाय ना? धर हातात, मग पानी घालते."

मी दारातून आत आलो. अप्पांनी सुपातून मान वर केली, हात जोडले आणि म्हणाले, "शरणार्थी, साहेब."

त्या बुधवारी त्यांच्या नमस्काराला मी उत्तर दिलं नव्हतं. आता देतो. चपला काढतो, वाकतो आणि म्हणतो, "शरणार्थी, अप्पा."